नोटेवर कोणाचा चेहरा?

चलनी नोटेवर कोणत्या ऐतिहासिक व्यक्तीला स्थान द्यावे, या प्रश्नावर बहुतेक वेळा त्या व्यक्तीच्या कर्तृत्वाच्या अंगानेच चर्चा होते. निवड करणाऱ्यांना मात्र तिच्या चेहऱ्याचाही तितकाच बारकाईने विचार करावा लागतो, आणि त्यामागे छपाईचे तंत्र व मेंदूचे विज्ञान अशी दोन्ही कारणे आहेत.

बँक ऑफ इंग्लंडने २०१८ मध्ये ५० पौंडांच्या नव्या नोटेसाठी विज्ञान हे क्षेत्र ठरवून लोकांकडून नावे मागवली. व्यक्ती काल्पनिक नसावी, हयात नसावी आणि ब्रिटनमधील विज्ञानाला तिचा हातभार लागलेला असावा, अशा अटी होत्या. एकूण २,२७,२९९ सूचना आल्या, त्यांत ९८९ नावे पात्र ठरली आणि अंतिम यादीत १२ पर्याय उरले. त्यांत रोझलिंड फ्रँकलिन, पॉल डिरॅक, स्टीफन हॉकिंग यांच्याबरोबर श्रीनिवास रामानुजन यांचेही नाव होते. २०१९ मध्ये निवड झाली ती संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांची, आणि २३ जून २०२१ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, ती नोट चलनात आली.

नोटेवरील व्यक्तिचित्र पारंपरिक पद्धतीत धातूच्या पत्र्यावर कोरतात. कोरलेल्या खाचांत शाई भरून कागद प्रचंड दाबाने त्यावर दाबला की शाई किंचित उंचावून बसते आणि बोटाला जाणवते. गालावरची सावली, कपाळावरची आठी, केसांची वळणे हे सारे रेषांची जाडी आणि त्यांमधले अंतर बदलूनच दाखवावे लागते. बनावट नोटेसाठी अशा चित्राची नक्कल करताना ओठांच्या कडेची एखादी रेष जराशी जाड झाली, तरी तो चेहरा कसासाच वाटू लागतो. नक्षीदार चौकटीत तेवढाच फरक पडला, तर तो सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचे मूळ आपल्या मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी, कानशिलाच्या बाजूला असलेला एक भाग इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना अधिक सक्रिय होतो. आपण डोळे, नाक, ओठ सुटे सुटे पाहत नाही. त्यांची परस्परांतील मांडणी एकदमच टिपतो. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये दाखवलेला प्रयोग याचा सुंदर पुरावा आहे. छायाचित्रातील फक्त डोळे आणि तोंड उलटे बसवून ते छायाचित्रही उलटे धरले, तर विशेष काही खटकत नाही. तेच सुलटे केले की चेहरा भयंकर विद्रूप दिसतो.

युरोच्या रचनाकारांनी कोणत्याही एका देशाचा महापुरुष नको म्हणून नोटांवर पूल, खिडक्या आणि कमानी काढल्या. तरीही २०१३ पासून आलेल्या नव्या मालिकेत जलचिन्ह आणि होलोग्राममध्ये एक चेहरा आलाच: ग्रीक पुराणकथेतील युरोपा नावाच्या राजकन्येचा, दक्षिण इटलीत सापडलेल्या एका प्राचीन कलशावरून घेतलेला. लोक चेहरा सहज ओळखतात, हेच त्याचे कारण होते.

या क्षमतेलाही मर्यादा आहेत. अमेरिकेत १९७९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, रोज हाताळल्या जाणाऱ्या एका सेंटच्या नाण्याची १५ चित्रे लोकांपुढे ठेवली, तेव्हा निम्म्याहून कमी जणांना खरे नाणे ओळखता आले. चेहऱ्यातली विकृती पटकन खटकते, पण चित्राचे तपशील केवळ सवयीने लक्षात राहत नाहीत. म्हणूनच नुसत्या चेहऱ्यावर विसंबून न राहता आरपार दिसणारा पारदर्शक भाग, जलचिन्ह अशा खुणा नोटेत घालतात.

मला या प्रक्रियेत खरोखर अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. कोरण्याजोगे चांगले चित्र उपलब्ध असावे ही अपेक्षा तांत्रिकदृष्ट्या रास्त असली, तरी ज्यांना चित्रकारासमोर बसण्याइतकी सुबत्ता किंवा प्रतिष्ठा होती त्यांच्याकडेच ती झुकते. रामानुजन १९२० मध्ये वारले तेव्हा त्यांची मोजकीच छायाचित्रे मागे राहिली होती. त्यांतले सर्वपरिचित छायाचित्र त्यांच्या पारपत्रावरचे आहे, आणि ते १९३६ मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी रामानुजन यांच्या पत्नी जानकी यांच्याकडून मिळवले, म्हणून आज आपल्याला पाहायला मिळते. इतकाही दुवा ज्यांच्या बाबतीत उरला नाही, अशा स्त्रिया, कारागीर आणि गरीब घरांतील संशोधक यादीपर्यंत पोहोचण्याआधीच गळतात.

यावर तोडगा काढता येईल असे मला वाटते. ट्युरिंग यांच्या नोटेवर १९५१ च्या छायाचित्रासोबत त्यांच्या १९३६ च्या शोधनिबंधातील तक्ता आणि सूत्रे आहेत, त्यांची स्वाक्षरी आहे, आणि कागदी फितीच्या चित्रावर द्विमान अंकांत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिलेली जन्मतारीखही आहे. सुरक्षेसाठी लागणारा चेहरा युरो नोटेवरच्या राजकन्येसारखा प्रतीकात्मक ठेवून, ज्यांचे एकही चित्र नाही त्यांचे हस्ताक्षर, उपकरण किंवा आकृती नोटेच्या मध्यभागी आणली, तर केवळ चित्राअभावी कोणाचे नाव वगळण्याचे कारण उरणार नाही.