जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकायचाय? आधी हे वाचा

आमच्याकडे हल्ली येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न हाच असतो, की जुना रिसेल फ्लॅट स्वस्तात घ्यायचा, रंगरंगोटी करायची आणि चार-सहा महिन्यांत नफ्यात काढायचा, तर सुरुवात कुठून करू? काम चांगलंय, पुण्यात चालतंही, पण पहिलाच व्यवहार अंगावर आला की माणूस परत उभा राहायला वेळ लागतो, म्हणून हे पत्रक.

आधी हिशोब. समजा फ्लॅट ५० लाखांना मिळाला. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी किंमत व्यवहारापेक्षा जास्त असेल तर ड्युटी त्या किमतीवर बसते, हे आधीच काढून बघा.) रजिस्ट्रेशन ३० हजार. ब्रोकरेज १ टक्का धरलं तर ५० हजार. दुरुस्तीला ४ लाख. सहा महिन्यांचं लोनचं व्याज आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून पावणेदोन लाखाच्या आसपास. विकताना परत ब्रोकरेज ६० हजार. झाले साडेसाठ लाखांच्या वर! म्हणजे तोच फ्लॅट ६० लाखांना विकला, सगळ्यांना सांगितलं की दहा लाख सुटले, तरी खरं तर खिशातूनच गेलेत. यात वकिलाची फी आणि सोसायटीची ट्रान्सफर फी अजून धरलेलीच नाही. म्हणून नफा विकताना होत नाही, घेतानाच होतो. बाजारभावापेक्षा खरंच कमी किमतीत मिळत नसेल तर सोडून द्या, दुसरा मिळतो.

घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे. आधी अशी अट होती की सवलत घेतली की १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, ती २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता या कामातही सवलतीचा उपयोग होतो.

आता ते अमेरिकेतल्या व्हिडीओंमधलं होलसेलिंग. म्हणजे मालकाशी करार करायचा आणि स्वतः न घेता तो करार दुसऱ्याला देऊन मधली रक्कम ठेवायची. आपल्याकडेही इसार पावतीत 'तुमच्या किंवा तुम्ही सांगाल त्याच्या नावे खरेदीखत करून देईन' असं लिहून व्यवहार फिरवतात, पण ताबा देण्याची बोली असलेल्या साठेखताला (खरेदीखताच्या आधीच्या विक्रीच्या कराराला) महाराष्ट्रात खरेदीखताइतकीच स्टॅम्प ड्युटी लागते, म्हणजे मधे एक नाव वाढलं की ड्युटीचा बोजाही वाढू शकतो. नुसत्या नोटरीवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतलं असं कोणी म्हणत असेल तर मालकी मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलंय. आणि मालकाला, विशेषतः वयस्कर असतील तर, तुम्ही पुढे दुसऱ्याला देणार आहात हे तोंडावर सांगा. लपवून केलेला व्यवहार आम्ही हातात घेत नाही.

फ्लॅट बघायला दिवसा जा, आणि एकदा खालच्या मजल्यावरच्या लोकांचं दार वाजवा. त्यांच्या बाथरूमच्या छताला पिवळे डाग, पोपडे सुटलेले दिसले तर समजायचं की वरचं वॉटरप्रूफिंग गेलंय, आणि ते करायचं म्हणजे टाइल्स, कमोड, पाइप सगळं उखडावं लागतं. नुकताच रंग मारलेल्या भिंतीवर हात फिरवा, ओल हाताला कळते. टाइल नाण्याने ठोकली आणि पोकळ आवाज आला तर ती पुढेमागे सुटणार. बीम-कॉलमला कोणी हात लावलाय का ते बघा, ओपन किचनच्या नादात काही जण नको ते तोडतात. काम सुरू करायच्या आधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या, नाहीतर कमिटी मधेच काम बंद पाडते आणि व्याज चालूच राहतं.

पैसे सगळे चेकने किंवा बँकेतून. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर फ्लॅट घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (मालकाच्या नावावरचा इन्कम टॅक्स) त्याला द्यायच्या रकमेतून कापून भरायचा, हे पहिल्यांदा घेणारे हमखास विसरतात. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे टॅक्स, आणि सारखे असे व्यवहार करायला लागलात तर तो धंदाच धरला जाऊ शकतो, म्हणून सीएला आधी भेटा, मार्चमध्ये नाही.

आमच्याकडे पहिला फ्लॅट दाखवायला याल तेव्हा इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसचा नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या करारांची साखळी आणि मालकाचं लोन चालू असेल तर किती कर्ज बाकी आहे त्याचं बँकेचं स्टेटमेंट, एवढ्याच्या झेरॉक्स आणा. टोकन त्यानंतर द्या, मालक कितीही घाई करू देत.