पहिली आरपीजी निवडणं इतकं अवघड का?

शर्यतीचा किंवा फुटबॉलचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला फारसं काही विचारावं लागत नाही. काय करायचं ते पडद्यावर दिसतं. आरपीजीत, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या ‘रोल-प्लेइंग गेम’मध्ये, मात्र पहिला शत्रू समोर येण्याआधीच योद्धा व्हायचं की जादूगार, ताकद वाढवायची की चपळाई, असे प्रश्न पुढ्यात येतात आणि त्यांची उत्तरं द्यायला लागणारी माहिती नवख्याकडे नसते. याचं मूळ या खेळांच्या जन्मात आहे. ते सुरुवातीला बनवले गेले ते नियम आधीच पाठ असलेल्या लोकांनी, स्वतःसारख्याच लोकांसाठी.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल त्याचा आकडा), एक्सपिरियन्स पॉइंट (अनुभवाचे गुण), लेव्हल (पातळी), क्लास (योद्धा, जादूगार असा पात्राचा पेशा) हा आजच्या आरपीजीचा सगळा सांगाडा तिथून आला. पण त्या टेबलावर खेळ चालवणारा एक ‘डन्जन मास्टर’ असायचा. नवा खेळाडू अडला की तो समजावून सांगायचा, चूक झाली तर प्रसंगी सांभाळूनही घ्यायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिकवण्यासाठीच्या संगणकांवर विद्यार्थ्यांनी या खेळाच्या आवृत्त्या लिहायला सुरुवात केली. त्यातली ‘पेडिट५’ अभ्यासाच्या फाइलच्या नावाआड दडवलेली होती. ती व्यवस्थापकांनी पुसूनही टाकली. आकडेमोड संगणकाने उचलली, पण समजावून सांगणारा माणूस मागेच राहिला. माझ्या मते नवख्यांची अडचण इथूनच सुरू होते.

१९८१ मधल्या ‘विझर्ड्री’त हे फार ठळकपणे दिसतं. सहा जणांची टोळी बनवायची, तळघरात उतरायचं आणि चौकटीच्या कागदावर नकाशा स्वतः काढत जायचं. सगळी टोळी मेली तर प्रेतं तिथेच पडून राहत; ती आणायला दुसरी टोळी तयार करून पाठवावी लागे. मेलेल्याला जिवंत करण्याचा प्रयत्न फसला की त्याची राख व्हायची, आणि पुन्हा फसला की ते पात्र कायमचं गेलं. त्याच वर्षी आलेल्या रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा’त मोकळं जग होतं, तरी कुठे जायचं हे खेळाडूनेच शोधायचं. दोन्ही खेळ विलक्षण होते. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला घरी संगणक आणि भरपूर चिकाटी लागायची.

नवख्याचा मनापासून विचार करणारा माणूस पुढे आला तो जपानमध्ये. खेळ बनवणारे युजी होरी यांना ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ दोन्हींचं वेड होतं आणि ती मजा त्यांना फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर खेळणाऱ्या मुलांपर्यंत न्यायची होती. २७ मे १९८६ ला आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सुरुवात बघण्यासारखी आहे. नायक राजासमोर उभा असतो आणि दार बंद असतं. किल्ली त्याच खोलीतल्या पेटीत. बाहेर पडायचं तर बोलणं, पेटी उघडणं, दार उघडणं, जिना उतरणं हे सगळं एकदा करावंच लागतं. म्हणजे पहिली खोली हाच पहिला धडा. बाहेर आल्यावर शेवटच्या शत्रूचा किल्ला पाण्यापलीकडे दिसतो, त्यामुळे कुठे पोहोचायचंय ते कळतं. नायक एकच, लढाईत समोर शत्रूही एकच. हरलात तर अर्धं सोनं जातं, पण कमावलेला अनुभव शाबूत राहतो. हरूनही माणूस पुढेच सरकतो, ही कल्पना मला या प्रकारातली सर्वांत उदार कल्पना वाटते.

पुढच्याच वर्षी हिरोनोबु साकागुची यांची ‘फायनल फॅन्टसी’ आली आणि जपानी धाटणी स्थिरावली. याच मालिकेच्या नावाने १९९२ मध्ये अमेरिकेत ‘मिस्टिक क्वेस्ट’ आली, खास नवख्यांसाठी म्हणून. कुठेही सेव्ह करा, हरलात तर तीच लढाई पुन्हा लढा. या सोयी चांगल्याच होत्या. पण शस्त्रं आपोआप अंगावर चढत आणि टोळीत फार तर दोघे जण. ठरवण्यासारखं फारसं काही उरलंच नाही. नवखा म्हणजे ज्याला कमी द्यायचं असा माणूस, हे गृहीतक मला पटत नाही.

‘पोकेमॉन’ने १९९६ मध्ये उलट वाट धरली. सुरुवातीलाच तीन प्राण्यांतून एक निवडायचा. पहिला जिम लीडर, म्हणजे वाटेत हरवावा लागणारा प्रमुख प्रतिस्पर्धी, खडक-प्रकाराचे पोकेमॉन वापरतो. गवताचा किंवा पाण्याचा प्राणी घेतलेल्याला तो सोपा जातो, आगीचा घेतलेल्याला जड. निवडीचा परिणाम मूल स्वतः अनुभवतं, त्यासाठी नियमांचं पुस्तक वाचावं लागत नाही.

पाश्चात्त्य संगणकावर मात्र टेबलाचे नियम जसेच्या तसे राहिले. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, आणि पहिल्या लेव्हलचा जादूगार दोन-चार फटक्यांत आडवा. ही भिंत हळूहळू खाली आली. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर कुठे जायचं त्याची खूण दिसू लागली. २०११ च्या ‘स्कायरिम’ने क्लास निवडणंच काढून टाकलं, जे वापराल ते कौशल्य वाढतं. २०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’ने लढाई हवी, कथा हवी की दोन्ही, हे सुरुवातीलाच विचारलं. २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये नेहमीसारखी लढाईच नाही. तरीही बोलण्यातून, चुकीच्या निर्णयांतून आणि फाशांतून ती अस्सल आरपीजी आहे.

म्हणून पहिला खेळ निवडताना मी नावाच्या आधी त्याची परंपरा बघेन. तयार नायक घेऊन कथेमागे जायचं असेल तर होरींची वाट बरी, आणि पात्र स्वतः घडवायचं असेल तर टेबलाची. दुसऱ्या वाटेवर आजही सुरुवातीला गोंधळ होतो. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये बारा क्लास आहेत, पण फासे पडद्यावर समोर पडतात आणि काठिण्य खेळता खेळता कमी करता येतं. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ने तर क्रमच उलटवला आहे. साधा खेळ सर्वांसाठी खुला आहे, आणि ज्याला जास्त कठीण हवं त्याने सुरुवातीला वेगळ्या अटी स्वतःहून निवडायच्या.