जुगाराचा ‘नाद’ आजार कधी झाला?

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली, तेव्हा जास्त चर्चा झाली ती भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून कुणाचं नाव गेलं याची. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र तशा दुर्लक्षितच राहिल्या. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा जुना वाद त्याने बाजूलाच ठेवला. आणि शिक्षा ठेवली ती खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला नाही. दीडशे वर्षं आपला कायदा अड्डा चालवणाऱ्याबरोबर खेळणाऱ्यालाही शिक्षा करत आला होता.

इंग्रजांनी सार्वजनिक जुगाराचा कायदा केला 1867 मध्ये, आणि मुंबई इलाख्याचा वेगळा कायदा आला 1887 मध्ये. तोच नाव बदलून महाराष्ट्रात आजही चालू आहे. जिल्हा पुरवणीतल्या बातम्यांमुळे तो आपल्या ओळखीचा आहे: ‘जुगार अड्ड्यावर छापा, अमुक इतका मुद्देमाल जप्त.’ मुद्देमाल म्हणजे बहुतेक वेळा पत्त्यांचा कॅट, काही हजार रोख, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एक बॉलपेन. या कायद्याची नजर जागेवर असते. अड्डा सापडला की गुन्हा, आणि अड्ड्यावर बसलेला प्रत्येक जण आरोपी. तो का बसला, रोज का बसतो, घरी काय सांगून आला, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. निव्वळ कौशल्याच्या खेळांना तेवढी सूट होती. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पत्ते लक्षात ठेवावे लागतात, लावावे लागतात. तीन पत्तीला ही सवलत नाही. पुढे अर्ध्या शतकाने हाच निकाल मोबाइलवरच्या रमीची ढाल होईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

त्याच दशकात मुंबईत मटका उभा राहत होता. त्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचं आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. 1961 मध्ये तिकडून भाव येणं थांबलं आणि धंद्याला नवा आकडा हवा झाला. कच्छहून आलेल्या, वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगतने 1962 मध्ये आपला मटका सुरू केला. दोन वर्षांनी रतन खत्रीने स्वतःचा वेगळा. आधी मटक्यातून चिठ्ठी निघायची, मग पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक धरायचा. तीन, सहा आणि अठ्ठी निघाली तर सतरा, म्हणजे ओपन सात. क्लोजला तसाच दुसरा अंक, आणि दोन्ही मिळून जोडी.

हिशेब सरळ आहे. एका आकड्याला रुपयाला नऊ रुपये मिळतात, आकडे असतात दहा. म्हणजे प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे धंद्यात राहणारच, खेळणारा कितीही हुशार असो. पण लालबाग-परळच्या गिरणगावात हा हिशेब कोण मांडणार? तिथे आकडा स्वप्नातून यायचा, बसच्या नंबरावरून यायचा. रस्त्यावरच्या वेड्याने दोन बोटं दाखवली तरी त्यातून दुरी काढणारे होते. चौऱ्याहत्तरची जोडी लावली आणि पंचाहत्तर आली की ‘थोडक्यात हुकलं’ म्हणत माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचा. वास्तविक चौऱ्याहत्तरला पंचाहत्तर जितकी दूर तितकीच तीन आणि नव्व्याण्णव. हुकलेला डाव खेळणाऱ्याच्या डोक्याला जवळजवळ जिंकल्यासारखा भासतो, हे मानसशास्त्राने नंतर प्रयोगांतून दाखवलं. टपरीवर चिठ्ठी फाडणाऱ्याला ते अनुभवाने ठाऊक होतं.

सरकारचं धोरण या सगळ्यात दोन तोंडांनी बोलत राहिलं. लोक मटक्याकडे वळू नयेत म्हणून, असं सांगत महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली. 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने त्याच 1976 च्या आपल्या जुगारबंदी कायद्याला 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांपुरती खिडकी पाडली, 1996 मध्ये जहाजांपुरती, आणि मांडवीत तरंगते कॅसिनो दिसू लागले. 2020 मध्ये गोवेकरांना तिथे खेळायला बंदी झाली. म्हणजे खेळ घातक आहे हे सरकारला मान्य आहे, फक्त तो पाहुण्यांना बाधत नसावा.

वैद्यकशास्त्रही काही फार पुढे नव्हतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने विकारांच्या यादीत जुगाराला जागा दिली ती 1980 मध्ये, आणि तीही आवेग न आवरण्याच्या विकारांत, चोरीची उबळ आणि आगी लावण्याची उबळ यांच्या पंक्तीला. 2013 मध्ये त्याला तिथून उठवून दारू-अफूच्या शेजारी, व्यसनांत बसवलं. निकष नऊ, बारा महिन्यांत त्यातले चार दिसले की निदान. त्यातला एक निकष आपल्या बोलीत फार नेमका आहे: ‘गेलेले काढायला’ पुन्हा बसणं. दुसरा, घरच्यांशी खोटं बोलणं. तिसरा, तीच झिंग यावी म्हणून रक्कम वाढवत नेणं. पेगाचंही असंच असतं.

मधल्या काळात एक विचित्र पुरावा हाती आला होता. पार्किन्सनच्या काही रुग्णांना मेंदूत डोपामिन या रसायनासारखं काम करणारी औषधं दिली, तर आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली माणसं जुगार खेळू लागली, आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर अनेकांचा नाद सुटला. संस्कार, संगत, चारित्र्य ही स्पष्टीकरणं यानंतर पुरेनाशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही जुगार व्यसनांच्याच गटात आहे.

तोवर अड्डा खिशात आला होता. मटका दिवसातून ठरलेल्या वेळांना ओपन आणि क्लोज व्हायचा. मध्ये तासांचं अंतर असायचं, त्यात माणूस कामावर जायचा, पैसे संपायचे, बायको विचारायची. फोनवर एक डाव संपताच दुसरा तयार. यूपीआयला उधारी मागावी लागत नाही आणि रात्री तीनला कुणी बघत नाही. डोक्याला पकड बसते ती या वेगामुळे आणि एकांतामुळे. पत्ते लावायला अक्कल लागते की नाही, याने फारसा फरक पडत नाही. कोर्टात मात्र वाद त्यावरच चालला होता. तमिळनाडूची ऑनलाइन जुगारावरची बंदी 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली. पुन्हा केलेला कायदा 2023 मध्ये टिकला, पण रमी आणि पोकर कौशल्याचे म्हणून त्यातून सुटले. आमच्याकडे जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांना क्रीडा खातं मिळालं.

महिन्याभरात केंद्राचं विधेयक आलं. 45 कोटी लोक दरवर्षी सुमारे 20 हजार कोटी रुपये गमावतात, हा अंदाज सरकारने तेव्हा दिला. कायद्याविरुद्धच्या याचिका आता सर्वोच्च न्यायालयात आहेत.

दारुड्याच्या तोंडाला वास येतो, पाय अडखळतात. जुगाऱ्याच्या रक्तात काही सापडत नाही. तो डॉक्टरकडे जातो ते झोप लागत नाही म्हणून, किंवा बायको घेऊन येते ती कर्जवाल्यांचे फोन सुरू झाल्यावर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करणाराही ‘टेन्शन आहे’ इथूनच सुरुवात करतो. केंद्राने 2019 मध्ये देशभरातल्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. दारू, गांजा-भांग, अफू, झोपेच्या गोळ्या, हुंगायची रसायनं, सगळ्यांची राज्यवार मोजणी तीत आहे. जुगाराचा रकाना नाही.