तंबू खाणारी बुरशी आणि लाकडातली साखर

1819 मध्ये फ्रान्समधल्या नान्सी शहरात आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने लिननच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा गंधकाम्लात विरघळवला, त्यात पाणी घालून तो उकळला आणि त्यातून साखर काढली. गंमत म्हणजे साखरेचं वजन चिंध्यांपेक्षा जास्त भरत होतं. यात चमत्कार काही नाही. कापसा-लाकडाच्या तंतूंमधलं सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी; ती तुटताना दर कडीला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, ते हे जादा वजन. म्हणजे लाकडापासून जैवइंधन करण्यामागचं मूळ रसायन 200 वर्षांपूर्वीच हाती आलं होतं. घोडं अडलं ते खर्चापाशी.

उसाच्या मळीत साखर आयती असते. यीस्ट घातलं की ती आंबते. लाकडात साखर सेल्युलोज आणि त्याच्यासारख्याच हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये अडकलेली, आणि त्यांना घट्ट धरून बसलेलं लिग्निन. झाडाला ताठ उभं ठेवणारं आणि कुजण्यापासून वाचवणारं हेच लिग्निन कारखानदाराच्या मात्र मुळावर येतं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीत तेलाची आणि परकीय चलनाची टंचाई होती. तिथे हाइनरिश शोलरने सौम्य गंधकाम्लाचा आणि फ्रीडरिश बर्गियसने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा मार्ग धरला. कोळशापासून द्रवइंधन करणारा, 1931 चा नोबेल मिळवणारा बर्गियस तो हाच. कारखाने चाललेही, पण आम्लाने भांडी खाल्ली आणि शोलरच्या पद्धतीत उष्णतेने बरीच साखरही वाया जाई. युद्ध संपलं, तेल स्वस्त झालं आणि पश्चिमेतला हा उद्योग जवळपास आटोपला. सोव्हिएत संघात मात्र असे कारखाने पुढेही कित्येक वर्षं चालू होते.

पुढचं वळण आलं ते कुजक्या कापडातून. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे बघता बघता सडत होते. लष्कराच्या प्रयोगशाळेने त्यावरच्या बुरश्या गोळा केल्या. हेतू एकच, कापड वाचवायचं. बोगनव्हिल बेटावरून आलेली एक बुरशी सेल्युलोज फोडणारी विकरं (एन्झाइम) भरपूर सोडत होती. एल्विन रीझ आणि मेरी मँडल्स यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक इथे तिचा पिच्छा पुरवला. 1973 च्या तेलसंकटानंतर प्रश्नच उलटा झाला: हिला रोखायचं कसं हे सोडून हिच्याकडून जास्तीत जास्त काम कसं करून घ्यायचं? 1977 मध्ये तिचं नाव रीझवरून ‘ट्रायकोडर्मा रीझी’ पडलं. (मँडल्सबाईंचं नाव बुरशीला मिळालं नाही, हे खटकतंच.) 2008 मध्ये या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सेल्युलोज फोडणारी जनुकं अपेक्षेपेक्षा कमीच निघाली.

विकरं मिळाली तरी ती लाकडाच्या आत शिरणार कशी? इथे जुनी युक्ती कामी आली. 1920 च्या दशकात अमेरिकेत विल्यम मेसन लाकडाच्या ढलप्या दाबाखालच्या वाफेत कोंडून दाब एकदम सोडून देत असे; ढलप्या फुटून तंतू मोकळे होत आणि त्यांचा हार्डबोर्ड बने. हाच स्फोट आज इथेनॉलच्या कारखान्यांत लाकूड आणि पेंढा सैल करायला वापरतात. हेमिसेल्युलोजमधली झायलोज साखर साध्या यीस्टला आंबवता येत नाही. ती आंबवणारं यीस्ट अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी 1993 मध्ये जनुकबदल करून घडवलं.

राहिलं लिग्निन. कागदगिरण्या ते जाळून वाफ करतात. पण नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गचा एक कारखाना 1962 पासून स्प्रूसच्या लिग्निनमधून व्हॅनिलिन, म्हणजे आइसक्रीममधला व्हॅनिलाचा वास, काढतो आहे. नुसत्या इंधनावर हिशेब जमत नाही, हे त्यांना इतरांच्या आधी उमगलं.

आसाममधल्या नुमालीगडला बांबूवर चालणारा कारखाना उभा राहिला आहे, तोही याच वाटेने: इथेनॉलबरोबर फरफ्युरल हे औद्योगिक रसायन आणि ॲसिटिक आम्लही. बांबू वनस्पतिशास्त्रात गवत आहे. भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत मात्र तो 2017 पर्यंत झाड होता.