इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन : ऐकण्याची पातळी व पूरक साधने (नाशिकच्या संदर्भात)

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन हा महागडा, नाजूक आणि कमालीचा स्वच्छ आवाज देणारा हेडफोनचा प्रकार आहे. नेहमीच्या हेडफोनमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे मिळून पडदा हलवतात. इथे दोन सच्छिद्र जाळ्यांच्या मधोमध, केसापेक्षा कितीतरी पातळ, एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसवलेला असतो. या पडद्यावर कायमचा विद्युतदाब ठेवतात, त्याला बायस म्हणतात. गाण्याचा संकेत जाळ्यांना दिला की पडदा एका जाळीकडे ओढला जातो, दुसरीपासून लोटला जातो आणि आवाज उमटतो. पडद्याला वजन जवळपास नसल्यामुळे तो चटकन हलतो आणि तितक्याच चटकन थांबतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६०च्या सुमारास असा पहिला हेडफोन बाजारात आणला. जर्मनीच्या सेनहायझरचा ‘ऑर्फिअस’ १९९१ मध्ये आला. अमेरिकेच्या कॉस कंपनीचा ईएसपी/९५० हाही याच जातीचा.

हा हेडफोन मोबाइलला किंवा साध्या अॅम्प्लिफायरला थेट जोडता येत नाही. बायस आणि शेकडो व्होल्टचा संकेत पुरवणारा खास अॅम्प्लिफायर त्याला लागतो. स्टॅक्सच्या आजच्या ‘प्रो’ मॉडेलांचा बायस ५८० व्होल्ट असतो, जुन्यांचा २३० व्होल्ट होता. प्रो प्लगला पाच पिना असतात, जुन्या प्लगला सहा. पाच पिनांचा प्लग सहा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो, पण बायस कमी पडल्याने आवाज सुमारे ८ डेसिबलने खाली येतो. जुना सेट विकत घेणाऱ्याला ‘हेडफोन बिघडला’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते.

आवाजाची पातळी

या हेडफोनची संवेदनशीलता दर १०० व्होल्टला किती डेसिबल अशी सांगतात. स्टॅक्स एसआर-००९ साठी तो आकडा १०१ आहे, एसआर-००७ साठी १००. म्हणजे १०० व्होल्टला साधारण १०० डेसिबल. व्होल्ट दहापट कमी केले की २० डेसिबल उतरतात, तेव्हा १० व्होल्टला ८० डेसिबल. ख्यालगायनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी आणि तबल्याच्या खणखणीत थापेचे शिखर यांत २० डेसिबलपर्यंत अंतर असू शकते. सरासरी ७५ डेसिबलने ऐकायचे तर शिखर ९५ चे होईल, आणि त्याला ६० व्होल्टसुद्धा लागणार नाहीत. स्टॅक्सचा एसआरएम-२५२एस हा छोटा अॅम्प्लिफायरही २८० व्होल्ट देतो, म्हणजे सुमारे १०९ डेसिबल. एवढ्याच्या वर जाण्याची गरज कोणाच्याही कानाला नाही. मोठ्या अॅम्प्लिफायरची निवड इतर गुणांसाठी जरूर करावी, ‘आवाज पुरत नाही’ म्हणून करू नये.

व्हॉल्यूमचे बटण कुठे आहे यावरून मात्र पातळी मुळीच कळत नाही. यातले अनेक अॅम्प्लिफायर संकेत हजारपटीने वाढवतात, आणि सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत बनवणारे उपकरण) साधारण २ व्होल्ट देतात. बटण पूर्ण फिरवले तर हिशेबाने २००० व्होल्ट व्हायला हवेत, जे कोणताच अॅम्प्लिफायर देत नाही. त्यामुळे बटण घड्याळाच्या नऊ-दहाच्या ठिकाणी असतानाच आवाज भरपूर होतो. तेवढ्या खाली काही बटणांत डाव्या-उजव्या कानाचा आवाज सारखा राहत नाही. अशा वेळी डॅकची पातळी १० डेसिबलने उतरवून बटण थोडे वर घेणे हा सोपा इलाज.

खरा धोका वेगळाच आहे. साधा स्पीकर किंवा हेडफोन जोरात लावला की आवाज फाटू लागतो, आणि कान त्यालाच ‘मोठा आवाज’ समजून मागे सरतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये विकृती इतकी कमी असते की ही सूचना मिळतच नाही. ९० डेसिबलही मोकळा आणि सुखद वाटतो. म्हणून इथे पातळी कानावर सोडून चालत नाही, ती आधी ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकाप्रमाणे प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. आता एक उदाहरण घ्या. बटण अशा जागी आहे की सर्वांत मोठे शिखर १०० डेसिबलचे येते. शास्त्रीय संगीतात तेव्हा सरासरी ८० असेल. त्याच जागी आजच्या धाटणीचे, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर दाबून मुद्रित केलेले चित्रपटगीत लावले, तर सरासरी ९० होते आणि आठवड्याचा कोटा सुमारे ४ तासांत संपतो. बटणाला हातही न लावता!

हे हेडफोन मागून उघडे असतात, तेव्हा खोलीतला आवाज थेट कानात येतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पंखा चारवर फिरत असतो आणि त्याच्या घरघरीवर मात करायला ऐकणारा आवाज वाढवत जातो. नवे हेडफोन घेऊन लोक पहिली चूक इथेच करतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. द्वारका किंवा मुंबई नाका परिसरातल्या रस्त्यालगतच्या घरात दिवसा तेवढी शांतता मिळणे अवघड. गणेशोत्सवात किंवा रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात त्या रंगपंचमीला हेडफोन बाजूलाच ठेवावा. रात्री दहानंतर, पंखा एकवर आणून ऐकले तर तेच गाणे ८ ते १० डेसिबल खाली पुरते, आणि तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात.

पातळी ठरवताना बटण शून्यापासून हळूहळू वर आणावे. वरून खाली आणले तर कान आधीच सरावलेला असतो आणि नकळत वरच थांबतो. गायक खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी बसून माइकशिवाय गातो आहे असे वाटले की थांबावे. तंबोरा ऐकू यायला हवा, अंगावर यायला नको. ती जागा मिळाली की बटणाशेजारी कागदी पट्टीची खूण करून ठेवावी. नाशिकला जन्मलेल्या गायक पं. द. वि. पलुस्करांची ध्वनिमुद्रणे १९५५ पर्यंतची आहेत. त्यांत वरच्या पट्टीतले तपशील विरळ आणि खरखर ठसठशीत. तपशील मिळावा म्हणून आवाज वाढवला तर खरखरच वाढते. ही मुद्रणे मंद आवाजात अधिक खुलतात.

अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तिथे जीवघेणा दाब असतो. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात मोबाइलचा माइक बसवून हेडफोनच्या कानाच्या गादीवर ठेवला, तर आवाजाच्या पातळीचा अंदाजापुरता आकडा मिळतो.

पूरक साधने

या हेडफोनचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. पडद्यावरचा विद्युतभार ओलाव्यातून झिरपून जातो. मग एक कान हळू वाजतो, मध्येच फिसफिस येते किंवा बारीक शिट्टी वाजते. गोदेचे पाणी पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागते त्या दिवसांत पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती ओल धरतात आणि कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. त्या हवेत उघड्यावर टांगलेला हेडफोन टिकणे कठीण. म्हणून पहिली खरेदी असावी ती छायाचित्रकार कॅमेऱ्यासाठी वापरतात त्या ड्राय कॅबिनेटची. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत राहिली की पुरे. फार कोरडे केले तर गादीचे चामडे तडकते. निळे जेल गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येते, पण ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये, त्या निळ्या रंगात कोबाल्टचे विषारी क्षार असतात. कान हळू वाजू लागला तर घाबरून हेडफोन उघडू नये. एक-दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवल्यावर बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो.

त्याखालोखाल धूळ. भारित पडदा धूळ ओढून घेतो, आणि एखादा केस किंवा तंतू जाळीपर्यंत पोचला की टिकटिक सुरू होते. स्टँडवर ठेवलेल्या हेडफोनवर कव्हर हवेच. टॉवेल किंवा लोकरी कापड झाकू नये, त्याचेच तंतू आत जातात. व्हॅक्यूम क्लीनर किंवा हवेचा फवारा कदापि वापरू नये, पडदा कायमचा जायबंदी होतो. हेडफोन कानावर चढवताना गादी जोरात दाबली की आत कोंडलेली हवा पडद्याला जाळीवर ढकलते आणि ‘फुर्र’ असा आवाज येतो. एखाद्या वेळी आला तर काळजी नको, पण सवय करू नये. डोक्याला खोबरेल तेल लावून ऐकायला बसणे मात्र थांबवावेच. चामड्याच्या गाद्या तेल पितात, कडक होतात, आणि नव्या गाद्यांची किंमत मध्यम प्रतीच्या हेडफोनइतकी असते.

जपानी बाजारातला अॅम्प्लिफायर १०० व्होल्टचा असतो, तर आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मागची पट्टी वाचूनच प्लग लावावा. १०० लिहिले असेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य. अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट हवे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर खूप तापतात, त्यांना बंद कपाटात ठेवू नये.

वायर वाढवायची असेल तर कंपनीचीच एक्स्टेंशन घ्यावी. हेडफोनची स्वतःची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सुमारे १०० पिकोफॅरड असते, त्यात लांब वायरची भर पडली की वरच्या स्वरांसाठी अॅम्प्लिफायरवर ताण येतो. महागड्या पॉवर कॉर्डवर आणि अॅम्प्लिफायरखाली ठेवायच्या खुंट्यांवर खर्च करण्याआधी तेच पैसे ड्राय कॅबिनेटला द्यावेत.

दुरुस्ती घरी करण्यासारखी नाही. अॅम्प्लिफायर बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ दाब शिल्लक असतो. हेडफोन विक्रेत्याकडे पाठवताना मूळ खोका, दोन्ही कानांमध्ये मऊ फोम आणि सोबत सिलिका जेलची पुडी असावी. जून ते सप्टेंबर या काळात खोक्याला प्लॅस्टिकचे वेष्टनही लागते.