टॅब की स्पेस: वादामागचा इतिहास

कोडमध्ये ओळीआधीची मोकळी जागा टॅबने सोडावी की स्पेसने, हा प्रोग्रॅमरांमधला जुना वाद आहे. टाइपरायटरवर तक्ते टंकताना प्रत्येक रकान्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्पेसबार पुन्हा पुन्हा दाबावा लागू नये, म्हणून टॅबची सोय झाली. टंकलेखकाने आधी लावून ठेवलेल्या थांब्यापर्यंत कॅरेज एका दाबात सरकत असे. टॅबला स्वतःची रुंदी नव्हती. किती सरकायचे ते थांबे ठरवत. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या १९६३ च्या अ‍ॅस्की संकेतावलीत हीच हालचाल ९ या क्रमांकाने आली, तर स्पेसला ३२ हा क्रमांक मिळाला. थांबे कुठे आहेत याची नोंद मात्र मजकुराबरोबर जात नव्हती, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ मला इथेच दिसते.

युनिक्स या संगणक प्रणालीच्या जगात दर आठ स्तंभांवर, म्हणजे आठ अक्षरांच्या जागेवर, थांबा धरण्याची रीत पडली. लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, लेखनशैलीत आजही टॅब आठ स्तंभांचाच मानतात. पण कोडमध्ये एकात एक विभाग वाढत गेले की आठची सरक ओळीला फार उजवीकडे ढकलते, म्हणून अनेकांनी आपापल्या एडिटरमध्ये (कोड लिहिण्याच्या साधनात) ती चार किंवा दोनवर आणली. त्यामुळे एकच फाइल दोघांच्या पडद्यांवर वेगळी दिसू लागली.

दिसण्यातला हा फरक अर्थापर्यंत पोहोचला तो ‘मेक’मुळे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेल्या, फाइलीत दिलेल्या आज्ञा चालवून कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या या साधनात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. नियम गैरसोयीचा आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले होते; पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून नियम तसाच राहिला. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या तर ओळ हुबेहूब तशीच दिसते, तरीही ग्नू मेक ही मेकची प्रचलित आवृत्ती ‘मिसिंग सेपरेटर’ (विभाजक नाही) म्हणून थांबते. नवशिक्याला डोळ्यांनी पकडता न येणारी याहून जाचक चूक क्वचितच असेल. आज्ञेआधीचे चिन्ह बदलण्याची मुभा ग्नू मेकने २०१० साली दिली.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तर ओळीआधीची मोकळी जागा हेच व्याकरण आहे. पायथन २ टॅबला पुढच्या आठच्या पटीपर्यंत मोजत असे. त्यामुळे एका ओळीआधी आठ स्पेस आणि तिच्या खालच्या ओळीआधी एक टॅब असेल, तर त्या दोन्ही एकाच विभागात धरल्या जात. पण टॅब चारवर लावलेल्या एडिटरमध्ये खालची ओळ विभागाबाहेर आल्यासारखी दिसे. २००१ च्या ‘पेप ८’ या शैलीपत्रकाने चार स्पेसची शिफारस केली, आणि २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने अशी संदिग्ध सरमिसळ चूक ठरवली.

गो भाषेने उलट बाजू घेतली: २००९ साली ती खुली झाली तेव्हापासून तिच्याबरोबरचे ‘गोफम्ट’ हे साधन कोड स्वतःच टॅबने मांडते. मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण दृष्टी अधू असल्यामुळे मोठी अक्षरे लावून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला टॅबची रुंदी फाइलला हात न लावता कमी करता येते.