येलोस्टोनची अस्वले आणि पक्क्या भिंतींची अट : पार्श्वभूमी

अमेरिकेतील येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज येथील तळावर आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) उभी करायची असेल, तर वाहनाच्या भिंती पक्क्या असाव्यात अशी अट आहे. तंबूला तिथे परवानगी नाही आणि कापडी बाजू उलगडणाऱ्या ट्रेलरलाही नाही. खाद्यपदार्थ, आइसबॉक्स, शेगडी, कचरा, कुत्र्याचे खाणे, यांतले काहीही वापर संपल्यावर बाहेर ठेवता येत नाही. ही अट अस्वलांमुळे आहे, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र तिच्यामागचा बराचसा इतिहास अस्वलांपेक्षा माणसांच्या वागण्याचा आहे, आणि तो उद्यानाच्या प्रशासनाला फारसा भूषणावह नाही.

उद्यानाची स्थापना १८७२ मध्ये झाली. पुढच्या दोन दशकांत तिथे हॉटेले उभी राहिली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतले खरकटे मागच्या रानात टाकले जाऊ लागले, तशी त्या ढिगांवर संध्याकाळी अस्वले येऊ लागली आणि त्यांना पाहायला पाहुणे जमू लागले. अस्वलांना खाऊ घालण्यावर १९०२ मध्येच बंदी आली होती. ती कागदावर राहिली, कारण खुद्द उद्यानानेच या प्रकाराचा खेळ मांडला होता. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या उसळत्या झऱ्याजवळ खरकटे मांडण्याच्या ओट्यावर ‘फक्त अस्वलांसाठी’ अशी पाटी होती. ऑटर क्रीक येथे तर उतारावर प्रेक्षकांसाठी बाके होती, समोर सिमेंटच्या चौथऱ्यावर हॉटेलांचे खरकटे ओतले जाई, आणि ग्रिझली (मोठी तपकिरी अस्वले) त्यावर तुटून पडत असताना रेंजर लोकांना माहिती सांगत असे. हा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबला.

१९१५ मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला होता, त्यामुळे रस्त्याकडेला हात पसरल्यासारखी उभी राहणारी काळी अस्वले आणि खिडकीतून बिस्किटे देणारे प्रवासी हे दृश्य पुढेही अनेक वर्षे चालूच राहिले. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांमुळे वर्षाला सरासरी ४८ माणसे जखमी होत होती आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या शंभराहून अधिक घटना घडत होत्या. ज्या अस्वलाला माणसाच्या हातून अन्न मिळाले, ते पुढच्या माणसाकडून त्याचीच अपेक्षा करणार, हे समजायला एवढा काळ लागावा याचे आज नवल वाटते.

निर्णायक धक्का येलोस्टोनमध्ये नव्हे, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात बसला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये एकाच रात्री, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावरच्या दोन ठिकाणी, उघड्यावर झोपलेल्या दोन तरुणी दोन वेगवेगळ्या ग्रिझलींच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडल्या. दोन्ही ठिकाणी अस्वलांना माणसांच्या अन्नाची चटक लागली होती. त्यानंतर येलोस्टोनने कचऱ्याचे ढीग बंद करायला घेतले आणि १९७० पर्यंत ते काम उरकले. १९५९ पासून तिथल्या ग्रिझलींचा अभ्यास करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे बंधू सांगत होते की ढीग हळूहळू बंद करा, नाहीतर भुकेली अस्वले थेट पर्यटकांच्या मुक्कामाच्या तळांवर येतील. प्रशासनाने ऐकले नाही. पुढच्या काही वर्षांत बरीच अस्वले मारली गेली आणि १९७५ मध्ये अलास्का वगळता उर्वरित अमेरिकेतील ग्रिझलीला ‘धोक्यात आलेली’ म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. माझ्या मते ढीग बंद करण्याचा निर्णय योग्यच होता, पण त्या घाईची किंमत अस्वलांनी मोजली.

फिशिंग ब्रिजचा तिढा याच काळातला. येलोस्टोन सरोवरातून नदी बाहेर पडते तिथली ही जागा म्हणजे ट्राउट माशांवर जगणाऱ्या ग्रिझलींचे हक्काचे रान. तिथली वस्ती हलवायची, असे ठरले होते. उद्यानाजवळच्या कोडी गावचे व्यापारी आणि वायोमिंग राज्याचे लोकप्रतिनिधी यांनी त्याला विरोध केला. अखेर तंबूंचा तळ १९८९ मध्ये बंद झाला आणि आरव्हींचा मात्र टिकला. म्हणजे पक्क्या भिंतींची अट ही सुरक्षेइतकीच तडजोडीचीही निशाणी आहे.

पण पक्की भिंत म्हणजे किल्ला नव्हे, हे कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाने दाखवून दिले. तिथे ग्रिझली उरलेला नाही, आहेत ती काळी अस्वले. ती मोटारीच्या दाराच्या वरच्या कडेत नखे अडकवतात आणि चौकट खाली वाकवून आत शिरतात. १९९८ या एका वर्षात तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या सुमारे १,६०० घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या घरात गेले. आता तिथल्या तळांवर अन्न लोखंडी पेट्यांत ठेवणे सक्तीचे आहे आणि रात्री मोटारीत अन्न ठेवता येत नाही. पक्क्या भिंतींच्या आरव्हीला मुभा आहे, पण अन्न नजरेआड हवे आणि माणसे नसताना दारे, खिडक्या, झरोके बंद हवेत. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना इथे विशेष जपावे लागते, कारण बाहेरच्या शेगडीवर दिलेल्या फोडणीचा वास आणि तेलकट कढई, दोन्ही अस्वलाला दुरून कळतात.

अन्न नीट ठेवले की भागते, या समजुतीलाही २०१० मध्ये तडा गेला. येलोस्टोनच्या ईशान्य प्रवेशद्वाराबाहेर, मोंटाना राज्यातल्या सोडा ब्यूट तळावर जुलैत एका रात्री पिल्लांसह आलेल्या ग्रिझली मादीने वेगवेगळ्या तंबूंतल्या तिघांवर हल्ला केला आणि त्यांतला एक दगावला. त्यानंतर त्या तळावरही तंबूंना बंदी आली आणि तो केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांसाठी राखला गेला.